घरचं रिकामं इंटरनेट विकून पैसे मिळवावेत का? तासगावच्या एका ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई तासगावच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. त्यांच्या मिस्टरांचं मार्केट यार्डाजवळ चहा-नाष्ट्याचं हॉटेल आहे आणि मुलगा सांगलीला इंजिनीअरिंग शिकतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे, पण दिवसभर घर बंद असतं. मुलानं एक व्हिडिओ बघून सुचवलं की घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर एक अ‍ॅप टाकायचं आणि तो चोवीस तास चालू ठेवायचा. न वापरलेलं इंटरनेट ते अ‍ॅप परस्पर विकतं आणि पैसे डॉलरमध्ये येतात. हे सुरक्षित आहे का, हातात खरंच किती पडतात आणि इंटरनेटवाला हरकत घेईल का, असं ताई विचारतात. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना वाय-फायचा पासवर्ड देऊन माणशी महिन्याला २०० रुपये घ्यायचा विचार आहे, त्यात काही अडचण आहे का.

ताई, सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात घरोघरी इंटरनेट देणाऱ्यांची नेटवर्कं उभी करणं आणि सांभाळणं हे माझं काम. लाइन तुटली की फोन मला येतो, आणि पोलिसांचं पत्र आलं की नोंदी काढायलाही मलाच बसावं लागतं. म्हणून उत्तर आधीच देतो: ते अ‍ॅप टाकू नका. कारणं मात्र सविस्तर लिहितो. तुमचा मुलगा तांत्रिक शिक्षण घेतोय, त्याला नुसतं ‘नको’ म्हणून पटणार नाही. आणि घरी नाही म्हटलं म्हणून त्यानं तेच हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर चालू केलं, तर प्रकरण आणखी अवघड होईल.

त्याला पहिल्यांदा एवढंच विचारा. मोठ्या कंपन्यांना मुंबईच्या, सिंगापूरच्या डेटा सेंटरमध्ये इंटरनेट घाऊक भावानं मिळतं, तेही तुमच्या लाइनच्या कितीतरी पट वेगानं. मग तासगावच्या एका घरातल्या लाइनसाठी कुणी डॉलर का मोजावेत? त्यांना तुमचा वेग नको असतो, त्यांना तुमचा आयपी अ‍ॅड्रेस हवा असतो. आयपी म्हणजे इंटरनेटवर तुमची लाइन ओळखायचा नंबर. डेटा सेंटरचे आयपी कुठले, हे बहुतेक मोठ्या वेबसाइटना माहीत असतं. तिथून कुणी आलं की त्या सावध होतात, कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं, पुढे करतात, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. घरगुती आयपीवरून आलेला मात्र खरा गिऱ्हाईक असणार असं धरून त्याला सहज आत सोडतात. हा भरवसाच विकला जातो. म्हणून या धंद्याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी, म्हणजे घरगुती आयपीच्या आडून दुसऱ्याची वाहतूक नेणं, म्हणतात, आणि तुमच्या लॅपटॉपवर बसणाऱ्या अ‍ॅपला सायबर सुरक्षेतले लोक प्रॉक्सीवेअर म्हणतात.

चालतं ते असं. हनीगेन, पॉन्स, पॅकेटस्ट्रीम, अर्नअ‍ॅप ही या प्रकारातली नावाजलेली अ‍ॅप. अ‍ॅप सुरू झालं की ते स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतं आणि ती उघडी ठेवतं. जोडणी घरातून बाहेर गेलेली असल्यामुळे राउटरमधली फायरवॉल तिला अडवत नाही. कंपनीचा गिऱ्हाईक जगात कुठंही बसलेला असेल. तो आपली मागणी त्या सर्व्हरला देतो, सर्व्हर ती तुमच्या लॅपटॉपकडे ढकलतो आणि लॅपटॉप ती पुढं वेबसाइटला पोचवतो. वेबसाइटच्या नोंदीत आयपी पडतो तो तुमच्या घरचा. हल्ली जवळजवळ सगळी वाहतूक एचटीटीपीएसनं कुलूपबंद असते, त्यामुळे आत काय चाललंय हे तुम्हाला कधीच दिसत नाही. फार तर कुठल्या साइटकडे गेलं एवढं कळेल, तेही नोंदी ठेवायची सोय तुम्ही मुद्दाम केली असेल तर.

आता हे गिऱ्हाईक कोण? सगळेच चोर आहेत असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. विमान तिकिटांचे आणि ऑनलाइन दुकानांतले भाव गोळा करणाऱ्या कंपन्या यात आहेत. आपली जाहिरात वेगवेगळ्या देशांत नीट दिसते का हे तपासणाऱ्या आहेत. एआय मॉडेलसाठी वेबवरचा मजकूर उपसणाऱ्या तर आता खूप झाल्या. ग्रास नावाचं नेटवर्क हे काम उघडपणे सांगून करतं आणि बदल्यात क्रिप्टो टोकन देतं. मोठ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांची ओळख तपासतात, निदान तसं सांगतात. पण ती तपासणी तुम्हाला बघता येत नाही. गिऱ्हाइकानं पुढं आणखी कुणाला वाटा विकला, तर तो कंपनीलाही नीट दिसेलच असं नाही. तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून या शब्दांत सांगतो: कर्जदाराचं नाव, गाव, कर्जाचं कारण काहीच न बघता रोज शेकडो कागदांवर जामीनदार म्हणून सही करण्यासारखं हे आहे. बहुतेक कर्जं फिटतीलही, पण जे बुडेल त्याची नोटीस सही करणाऱ्याच्या घरी येते.

मी उगीच भीती घालत नाही. झालेल्या गोष्टी सांगतो.

२०१५ मध्ये होला नावाचं फुकट व्हीपीएन, म्हणजे आपला आयपी झाकून इंटरनेट वापरायची सेवा, फार गाजलं. वापरणाऱ्यांना वाटत होतं की आपल्याला फुकट व्हीपीएन मिळालंय. प्रत्यक्षात त्यांची घरगुती लाइन ल्युमिनाटी नावाच्या सेवेतून विकली जात होती, आणि त्याच वाटेनं एका वेबसाइटवर हल्ला झाल्यावर हे उघडं पडलं. तीच ल्युमिनाटी पुढं ब्राइट डेटा या नावानं ओळखली जाऊ लागली, आणि अर्नअ‍ॅप हे तिचंच. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ९११ एस५ हे जाळं मोडून काढल्याचं जाहीर केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट अ‍ॅपमधून १९० हून जास्त देशांतले एक कोटी नव्वद लाख आयपी अ‍ॅड्रेस त्यात ओढले गेले होते. त्या आयपींच्या आडून अमेरिकेच्या कोविड मदत योजनांची अब्जावधी डॉलरची लूट झाली. जाळं चालवणाऱ्यानं सुमारे ९ कोटी ९० लाख डॉलर कमावल्याचं आरोपपत्रात आहे. ज्यांच्या घरच्या लाइन वापरल्या, त्यांना बहुतेक पत्ताही नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ईमेलमध्ये घुसलेल्या रशियन हेरगिरी गटानं आपला माग लपवायला रेसिडेन्शियल प्रॉक्सीच वापरल्या होत्या.

यातल्या काहींत लोकांनी अ‍ॅप जाणूनबुजून टाकलं नव्हतं आणि तुमचा मुलगा ते जाणूनबुजून टाकणार आहे, हा फरक खरा आहे. पण वेबसाइटला, बँकेला किंवा तपास अधिकाऱ्याला दोन्हीकडे दिसतो तो घरचा आयपीच.

तपास कसा चालतो ते आता सांगतो, कारण इथंच लोकांची समजूत सगळ्यात चुकीची असते. कुणाचे तरी पैसे गेले की तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करतो. तपास अधिकारी बँकेकडून किंवा वेबसाइटकडून आयपी आणि अचूक वेळ मिळवतो. मग ते पत्र आमच्यासारख्यांकडे येतं: अमुक तारखेला, अमुक वाजून इतकी मिनिटं इतके सेकंद झाले असताना हा आयपी कुणाकडे होता? आम्ही नोंदी काढतो आणि ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल, केवायसीची कागदपत्रं देतो. ते आम्हाला द्यावंच लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्याच्या अटी बदलून अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितल्या. म्हणजे आज अ‍ॅप काढून टाकलं तरी गेल्या वर्षीच्या एखाद्या रात्रीबद्दल विचारणा येऊ शकते.

विचारणा आली म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरलात असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ला लबाडीचा किंवा फसवणुकीचा हेतू लागतो आणि तो तुमचा नसतो. पण ते सिद्ध होईपर्यंत मधला काळ असतो. कलम ९४ खाली वस्तू किंवा कागद हजर करण्याचं समन्स, कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस, लॅपटॉप आणि कधी कधी घरातले सगळे फोन तपासणीला, आणि ती तपासणी महिनोन्महिने लांबते. ही दोन कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहेत, १ जुलै २०२४ पासून लागू. शिवाय तुमच्या बाजूचा पुरावा तुमच्याकडे नसतो. त्या क्षणी तुमच्या लाइनवरून नेमका कोण बोलत होता याची नोंद असलीच तर परदेशातल्या कंपनीकडे असते, आणि ती मागवणं एखाद्या तालुक्याच्या पोलिस ठाण्याला सोपं नाही. पैशाच्या व्यवहारात नोकरी करणाऱ्या माणसाला अशी नोटीस येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यातलं एक प्रकरण महाराष्ट्रातलंच आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायवरून गेला होता. तपास यंत्रणा आधी त्याच्याच घरी पोचल्या, त्याचे संगणक तपासले. ईमेल दुसऱ्याच कुणी त्याचं वाय-फाय वापरून पाठवला होता. तिथं वाय-फाय उघडं राहिलं होतं एवढंच. तुमचा मुलगा सांगतोय ते दार त्याहून मोठं आहे, कारण त्यातून यायला माणसानं तुमच्या गल्लीत उभं राहायचीही गरज नाही.

कनेक्शन घेताना तुम्ही जो अर्ज भरला, त्याच्या अटी एकदा काढून वाचा. घरगुती प्लॅन हा ग्राहकाच्या स्वतःच्या घरच्या वापरासाठी असतो आणि पुढं विकायला मनाई असते. बहुतेक सगळ्यांच्या अर्जात हे कलम या ना त्या शब्दांत सापडेल. अ‍ॅप चालवलं म्हणून लगेच लाइन तोडतील असं नाही. डेटाच्या मर्यादेचीही काळजी नको. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि या अ‍ॅपमधून एवढा डेटा जातच नाही. पण तक्रार आली तर आम्ही तुमच्या बाजूनं काही बोलू शकत नाही, कारण अट तुम्हीच मोडलेली असते.

याहून एक बारीक गोष्ट आहे, ती व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत. आपल्याकडे छोट्या गावांत इंटरनेट देणाऱ्यांकडे सार्वजनिक आयपी मोजकेच असतात. म्हणून शेकडो घरं एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात; आम्ही याला सीजीनॅट म्हणतो. कोणत्या क्षणी कोणतं घर होतं हे पोर्ट नंबर, म्हणजे त्या घराच्या जोडणीला दिलेला क्रमांक, आणि वेळेवरून शोधता येतं, त्यामुळे लपायला यात जागा नाही. मात्र एका घरातल्या प्रॉक्सीमुळे तो आयपी बदनाम झाला की भोगतात सगळे. एखाद्या गल्लीतून एकदम तक्रारी सुरू होतात: गुगल सारखं कॅप्चा मागतंय, ओटीटीवर ‘तुम्ही प्रॉक्सी वापरताय’ असा संदेश येतोय, एखाद्या बँकेची साइट उघडतच नाही, पोराची ऑनलाइन परीक्षा अडकली. माग काढत गेलं की शेवटी कुणाच्या तरी घरी चोवीस तास चालू असलेला असा एखादा संगणक सापडतो. तुमच्याकडे आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, असेल तर चित्र वेगळं दिसतं. तिथं प्रत्येक घराला स्वतःचा वेगळा पत्त्यांचा गट मिळतो. शेजाऱ्यांना त्रास कमी होतो, पण बोट सरळ तुमच्याच घराकडे जातं.

घरातल्या घरातही धोका आहे. काही प्रॉक्सी नेटवर्कमध्ये बाहेरच्या गिऱ्हाइकाला घराच्या आतल्या नेटवर्कपर्यंत, म्हणजे त्याच वाय-फायवरचा कॅमेरा, प्रिंटर, टीव्ही बॉक्स इथपर्यंत पोचता येत होतं, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. तुम्ही कधीमधी पतसंस्थेचा लॅपटॉप घरी आणता असं लिहिलंय. तो त्याच वाय-फायवर असेल, तर प्रश्न तुमच्या घरापुरता राहत नाही, ठेवीदारांपर्यंत जातो. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच वाटली.

आता पैशांचं. पॅकेटस्ट्रीम एका जीबीला १० सेंट देतं, इतरांचे दर याच्या आसपास वरखाली होतात. तेच जीबी या कंपन्या पुढं काही डॉलरना विकतात. वाहतूक किती येणार हे तुमच्या लाइनच्या वेगावर ठरत नाही, तुमच्या भागातल्या आयपीला मागणी किती यावर ठरतं, आणि अमेरिका-युरोपच्या मानानं भारतीय आयपीला मागणी कमी. समजा महिन्याला ३० जीबी गेले. झाले ३ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर २७० रुपये. जुना लॅपटॉप ३० वॅट खातो असं धरा. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे साडेएकवीस युनिट. युनिटला १० रुपये पडले तर २१५ रुपये तिथंच गेले. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर दर चढतो हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचं बिल त्या काठावर असेल तर हे साडेएकवीस युनिट चढ्या दरानंच लागतील. हातात राहिले पन्नासेक रुपये. हनीगेनसारख्या ठिकाणी २० डॉलर साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, म्हणजे या हिशेबानं सहा-सात महिने थांबा. पेपॅलवरून रुपये करताना आणखी थोडे कटतात. क्रिप्टोमध्ये घेतले तर त्यावरच्या नफ्याला २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ३० टक्के कर आहे आणि तोट्याची वजावट नाही.

मग व्हिडिओत मोठे आकडे कसे दिसतात? बरेचदा ते आकडे लाइनचे नसून शिफारशीच्या कमिशनचे असतात. व्हिडिओखालच्या लिंकवरून तुम्ही अ‍ॅप टाकलं की तुमच्या कमाईच्या प्रमाणात त्या माणसाला कमिशन मिळत राहतं. हनीगेनमध्ये ते १० टक्के आहे. त्याला व्हिडिओ करायला कारण आहे, तुम्हाला लाइन द्यायला तेवढं नाही. आणि एक मुलाला आवर्जून सांगा: याच नावाखाली टेलिग्रामवर ‘आधी इतके रुपये भरून नोड विकत घ्या, रोज परतावा मिळेल’ असले गट चालतात. तिथं इंटरनेट विकलंच जात नाही, तो सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. कुणी पैसे भरले असतील तर त्याच दिवशी १९३० वर फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

घर दिवसभर बंद असताना जुना लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवणं, एवढ्या एका कारणासाठीही मी नको म्हणेन. जुन्या बॅटऱ्या फुगतात. एप्रिल-मे महिन्यात तासगावच्या बंद खोलीत किती गरम होतं हे तुम्ही जाणताच, त्यात विजेचा दाब कमीजास्त होतो.

तुमच्या गरजेचा खरा उपाय मला वेगळाच दिसतो. दिवसभर लाइन रिकामी असेल आणि रात्री दोन माणसं मालिका बघत असतील, तर १०० एमबीपीएस कशाला? एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात. बाजारात १०० एमबीपीएसचा प्लॅन ६९९ आणि ३० एमबीपीएसचा ३९९ असा फरक दिसतो. १८ टक्के जीएसटी धरला तर महिन्याला ३५४ रुपये वाचतात. ते वाचलेले पैसे नक्की असतात, त्यावर कर नाही आणि पोलिसांचं पत्रही नाही. मुलगा सुट्टीला आला की महिनाभर प्लॅन वाढवून घ्या.

भाडेकरूंचं. ओळखीचे असले, रीतसर भाडेकरार असला, पोलिस पडताळणी झालेली असली, तरी तुमच्या नावाचं कनेक्शन पैसे घेऊन त्यांना देऊ नका. अट तीच मोडते, आणि त्यांच्यापैकी कुणी काही उद्योग केला तर नाव तुमचंच निघतं. वर तिघं-चौघं राहत असतील तर ३९९ चा प्लॅन त्यांच्यापैकी एकाच्या नावावर घेऊन वाटून भरला की जीएसटी धरून माणशी १२० ते १६० रुपये पडतात. तुमच्या २०० पेक्षा स्वस्त, त्यामुळे ते नाराजही होणार नाहीत. पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करा, मुख्य पासवर्ड कुणाला देऊ नका.

इंटरनेट दुसऱ्यांना देऊन पैसे मिळवायचा कायदेशीर मार्ग मात्र देशात आहे, आणि तुमच्या घरापेक्षा तुमच्या मिस्टरांच्या हॉटेलाला तो लागू पडतो. त्याचं नाव पीएम-वाणी. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली. कोणताही दुकानदार पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे पीडीओ होऊ शकतो. जुन्या एसटीडी-पीसीओसारखीच कल्पना आहे, फक्त फोनऐवजी वाय-फाय. पीडीओला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, सरकारी फी लागत नाही. नोंदणी असते ती त्याच्या वरच्या अ‍ॅग्रिगेटरची, म्हणजे पीडीओएची, आणि अ‍ॅप पुरवणाऱ्याची; मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संस्था सांभाळते. ग्राहक अ‍ॅपमधून ओटीपीनं ओळख पटवतो, पाच-दहा रुपयांचं व्हाउचर घेतो आणि तुमच्या वाय-फायवर येतो. कोण, कधी, किती वेळ आला याची नोंद पीडीओए ठेवतो. इथं सगळा फरक पडतो. उद्या विचारणा आली तर त्या वेळी कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला होता, हे दाखवता येतं.

आधी यातली मोठी अडचण अशी होती की पीडीओला महागडी लीज लाइन, म्हणजे कंपन्या घेतात तशी स्वतंत्र लाइन, घ्यायला सांगितलं जायचं आणि छोट्या दुकानाला ते परवडायचं नाही. २०२४ मध्ये दूरसंचार विभागानं चौकटीत बदल केला. मग जून २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओलाही द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त लावायचा नाही. म्हणजे तुमच्या ६९९ च्या वेगाचं कनेक्शन पीडीओसाठी जास्तीत जास्त १३९८ ला मिळायला हवं. इंटरनेटवाला ‘असं काही नसतं’ म्हणाला तर या आदेशाचं नाव घ्या.

कमाई होईल का, याचं उत्तर जागेवर आहे. मोबाइल डेटा स्वस्त असलेल्या देशात लोक वाय-फाय विकत घेतात ते दोनच परिस्थितीत: रेंज नसते तेव्हा, किंवा तासन्‌तास एका जागी थांबावं लागतं तेव्हा. मिरजेत दवाखान्यांभोवती कर्नाटकातून आलेले नातेवाईक दिवस दिवस बसून असतात, तिथं ते चालू शकतं. शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यात, साताऱ्याकडं पाटण-कोयनेच्या खोऱ्यात, कासच्या वाटेवरच्या होमस्टेमध्ये रेंजची बोंब असते, तिथंही. तुमच्या मिस्टरांच्या हॉटेलात बेदाण्याच्या सौद्यांच्या दिवशी माणसं बराच वेळ बसत असतील, पण मार्केट यार्डात मोबाइलची रेंज चांगली असेल तर व्हाउचर किती खपतील याबद्दल मी फार आशा लावणार नाही. आधी आठवडाभर बघा: किती माणसं अर्ध्या तासाहून जास्त बसतात, आणि त्यातली किती जण ‘वाय-फाय आहे का’ म्हणून विचारतात. विचारणारे दिसले तरच पीडीओएशी बोला, आणि बोलताना वाटा किती टक्के, पैसे किती दिवसांनी आणि राउटर कुणाचा, हे तीन प्रश्न लेखी विचारा. हॉटेलचं हे कनेक्शन वेगळं घ्या, घरच्या लाइनशी जोडू नका.

मुलानं अ‍ॅप आधीच टाकून बघितलं असेल, अशी मला थोडी शंका आहे, तुमच्या पत्रात ‘डॅशबोर्ड छान आहे’ असं वाक्य आहे म्हणून. तसं असेल तर त्याच्यावर रागावू नका. अ‍ॅपमधून लॉगआउट करून ते अनइन्स्टॉल करायला सांगा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप यादीत आणि ब्राउझरच्या एक्स्टेंशनमध्ये काही उरलंय का ते बघायला सांगा. काही अ‍ॅप एक्स्टेंशनच्या रूपात बसतात आणि क्रोममध्ये लॉगइन केलेल्या दुसऱ्या संगणकावरही आपोआप उतरतात. कमाईचा डॅशबोर्ड आणि कंपनीचे आलेले ईमेल मात्र जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढून तारखेसकट. कधी विचारणा झालीच तर कोणत्या काळात कोणतं अ‍ॅप चालू होतं, हे दाखवायला तेवढाच कागद तुमच्याकडे असेल.

मग राउटर. त्याच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच असेल तर बदला, वाय-फायचाही बदला, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडायची सोय, बंद करा, जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून अनोळखी काही दिसतं का बघा. घरात स्वस्तातला, ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकलेला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स असेल तर तो आधी काढून ठेवा. बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्यात अशी एक कोटीहून जास्त अप्रमाणित उपकरणं अडकल्याचं गुगलनं २०२५ मध्ये सांगितलं. त्यातली कित्येक कारखान्यातून येतानाच बाधित होती आणि मालकाला न विचारता त्याच्या लाइनची प्रॉक्सी करत होती. मुलानं अ‍ॅप टाकलंच नसलं तरी ही तपासणी कराच. फोनवरची फुकट व्हीपीएन अ‍ॅपही त्याच कारणासाठी काढा.

जुना लॅपटॉप फेकू नका. त्यावर लिनक्स टाकून मुलाला नेटवर्किंगचा सराव करता येईल, आणि त्याच्या शाखेत पुढं त्याला त्याचाच उपयोग होईल. पतसंस्थेचा लॅपटॉप घरी आणावाच लागत असेल तर तो गेस्ट नेटवर्कवरच जोडा, किंवा तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, तो कळवलात तर गेस्ट नेटवर्क कुठल्या पानावर सापडेल ते सांगतो.